घोडामारा बेटावरचा चिखल

सांगलीच्या एसटी स्टँडवर आई माझ्याशी शेवटचं बोलली ते रुमालांबद्दल. "सहा दिलेत. ओले घडी करून ठेवू नकोस." पुण्याची गाडी मागे सरकायला लागली तेव्हा ती खिडकीजवळ आली नाही. होती तिथेच उभी राहिली आणि दोन्ही हात पदराखाली घेतले. बाबा पुण्यापर्यंत सोबत आले. हावड्याच्या गाडीत बॅग बर्थखाली साखळीने बांधून देताना त्यांनी तीनदा म्हटलं, "एका सेमिस्टरचा तर प्रश्न आहे."

आमच्या कॉलेजातून भूगोलाच्या दोन विद्यार्थ्यांना कोलकात्याला पाठवणार होते आणि तिकडचे दोघे इकडे येणार होते. दुसऱ्या मुलीच्या घरून ऐन वेळी नकार आला. त्यामुळे मी एकटीच निघाले, वय वीस, एकटीने केलेला सर्वात मोठा प्रवास सांगली ते कोल्हापूर. सांगलीत राहिलेल्या माझ्या माणसांना आणि माझ्यासारख्याच बाहेर पडलेल्या मैत्रिणींना मी या दिवसांचे फोटो पुष्कळ दाखवले. भीती किती होती ते कुणालाच धड सांगितलं नाही. ते आता सांगते.

कोलकात्यात बेहाला भागात साठे काकूंकडे माझी राहायची सोय झाली होती. काका बँकेत अधिकारी, बारा वर्षांपूर्वी बदली होऊन आलेले. त्यांची मुलगी इरा तेव्हा आठवीत होती. ती मराठी बोलायची, पण बंगालीत मुलगा-मुलगी असा भेद क्रियापदाला नसतो, त्यामुळे "मी शाळेत गेला" असं बिनदिक्कत म्हणायची. काकू तिला दुरुस्त करून दमल्या होत्या. त्या घरात सकाळी पोह्यांचा वास यायचा आणि खिडकीबाहेर डायमंड हार्बर रोडची बस सुटायची. कंडक्टर बसच्या अंगावर थापा मारत ओरडायचा, त्यातला एकही शब्द मला कळायचा नाही.

पहिले दहा दिवस मी कॉलेज आणि खोली यापलीकडे कुठे गेले नाही. एकदा चुकीच्या बसमध्ये चढले आणि बेहालाऐवजी भलत्याच टोकाला उतरले. रस्ता विचारला तर चार माणसं गोळा झाली आणि चौघांनी चार दिशा दाखवल्या. सगळे मदतच करत होते. पण अनोळखी भाषेत मोठ्याने केलेली मदतही भांडणासारखी ऐकू येते. मी एका औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसून काकूंना फोन केला आणि त्या रिक्षा करून मला न्यायला आल्या.

खरी भीती मात्र पाण्याची होती. मी शाळेत असताना कृष्णेचा महापूर आला तेव्हा आम्ही दोन दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर काढले होते. पाणी आवाज न करता जिना चढत होतं, एकेक पायरी बुडताना पाहिली, ते माझ्या डोक्यातून गेलं नाही. तेव्हापासून सांगलीच्या आयर्विन पुलावरून जाताना मी डोळे मिटते. आणि मी आले कुठे, तर जिथे नदीच्या पलीकडे जायला लोक भाजी आणायला गेल्यासारखे बोटीत चढतात.

वर्गातल्या मुलामुलींबरोबर हुगळी नदीच्या बाबूघाटाला पहिल्यांदा लाँचमध्ये चढले. मधोमध पोहोचल्यावर शेजारून दुसरी लाँच गेली, आमची हलली, आणि मी मटकन खाली बसले. ऑफिसला चाललेल्या माणसांच्या पायांशी बसून मी रडत होते. एका बाईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. वर्गातली मुलं हसली, वाईट हेतूने नसेल, पण हसली. मला वाटलं, उरलेलं सेमिस्टर मी यांच्यासाठी लाँचमध्ये रडलेली मुलगी राहणार.

म्हणून पुढच्या आठवड्यात भूगोलाच्या मॅडमनी विचारलं, "घोडामाराला कोण येणार?" तेव्हा मी सर्वांत आधी हात वर केला. घोडामारा हे हुगळीच्या मुखाजवळचं छोटं बेट. नदी आणि समुद्र मिळून ते वर्षानुवर्षं कातरत आणलंय. आम्हाला त्याचा काठ मोजायचा होता. आईला फोनवर मी म्हटलं, "शहराजवळच सहल आहे." बेट हा शब्द गिळून टाकला.

बेहालाहून बसने काकद्वीप, तिथून जेट्टी, आणि मग इंजिनाची लाकडी बोट. तिला कडेला कठडा नव्हता. एक म्हातारे गृहस्थ शेळी मांडीजवळ धरून बसले होते आणि शेळी माझ्यापेक्षा शांत होती. पाऊण तास मी पाण्याकडे न बघता तिच्या कानाकडे बघत राहिले. बेटावर उतरले तेव्हा कुणी हसलं नाही. मला इतकं बरं वाटलं की मी नको तेवढी धीट झाले.

दुपारी ओहोटी होती. काठ संपून पुढे करड्या चिखलाचं मैदान पसरलेलं. माप घेऊन झाल्यावर मॅडम आणि बाकीचे बांधावरून पुढच्या टोकाला निघाले. खाली रोवलेली खुणेची काठी तशीच राहिली होती. "मी आणते," असं ओरडून मी उतरले. वरून चिखल घट्ट दिसत होता. आठ-दहा पावलं नीट गेली. काठीला हात लावला आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. तो काढायला डाव्यावर भार दिला, तर डावा मांडीपर्यंत गेला.

मी हाका मारल्या. वारा बांधाकडून होता, आवाज माझ्याच तोंडावर परत येत होता. बांधावरची माणसं लहान होत गेली आणि वळणाआड गेली. जितकी धडपडले तितकी कमरेपर्यंत उतरत गेले. चिखल गार होता आणि त्याला घाई नव्हती. मग मला दिसलं की समोरून पाणी येतंय. लाट वगैरे काही नाही, चिखलावर कुणी ओलं कापड पसरत यावं तसा एक पातळ थर. भरती लागली होती. मला जिना आठवला.

डावीकडे एक बाई कमरेएवढ्या पाण्यात निळी जाळी ओढत होती, कोळंबीची पिल्लं धरत होती. तिने मला पाहिलं आणि ओरडली, "शुये पोडो! शुये पोडो!" मला वाटलं ती विचारतेय की पडलीस कशी. मी हिंदीत ओरडले, "बाहर निकालो!" ती जाळी सोडून माझ्याकडे यायला लागली, पुन्हा तेच ओरडत. मी आणखी हातपाय झाडले. पाणी माझ्या पोटाला लागलं.

तेव्हा ती बाई थांबली. माझ्याकडे बोट दाखवलं, स्वतःकडे दाखवलं, आणि अंगावरच्या साडीसकट त्या चिखलात पालथी पडली. अख्खी. गाल चिखलाला टेकवून माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा मला अर्थ कळला. आडवी हो.

उभ्या माणसाला बुडायच्या भीतीत आडवं व्हायला सांगणं म्हणजे काय, ते मी सांगू शकत नाही. मी डोळे मिटले आणि पुढे झोपले. तोंडात खारट गाळ गेला. ती पोटावर सरकत आली, जाळीची बांबूची चौकट माझ्यापुढे ढकलली. मी ती धरली. "आस्ते, आस्ते," ती म्हणत होती, लहान मुलाला दूध पाजताना म्हणावं तसं. एक पाय सुटला, मग दुसरा. बूट आत राहिले. आम्ही दोघी बेडकांसारख्या सरपटत बांधाखालच्या घट्ट जमिनीवर आलो, तोवर ती काठी पाण्यात गेली होती.

तिचं नाव कल्पना. मॅडम धावत परत आल्या तेव्हा त्यांच्यामार्फत आमचं बोलणं झालं. मी सारखी "धन्यवाद" म्हणत होते आणि ती विचारत होती, "भात खाबे?" तिने घरी नेऊन पायांवर पाणी ओतलं, कोरडी साडी दिली, भात आणि वांग्याची भाजी वाढली. मातीचं नीटनेटकं घर, मागे पानमळा. मी म्हटलं, घर छान आहे. ती म्हणाली, हे चौथं. पहिली तीन कुठे आहेत असं मॅडमनी विचारलं, तेव्हा तिने जेवणारा उजवा हात तसाच ठेवून डाव्या हाताने पाण्याकडे दाखवलं.

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

मॅडमनी उत्तराचं भाषांतर केलं. "रोज वाटते म्हणतेय. म्हणून तर भरतीची वेळ पाठ आहे."

बेहालाला परतल्यावर काकूंनी मला मोरीत बसवून डोकं धुतलं. चिखल निघेपर्यंत पाच बादल्या लागल्या. धुता धुता त्या म्हणाल्या, "मी इथे आले तेव्हा सहा महिने एकटी खाली उतरले नव्हते. यांना सांगायचे, गुडघा दुखतो." बारा वर्षांत त्यांनी हे काकांनाही सांगितलं नव्हतं. मग मी बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं, बेट धरून. ते म्हणाले, "मी निघतो. घेऊन येतो तुला." त्यांच्या मागे आईचा आवाज आला, "आधी तिला विचारा."

मी म्हटलं, येऊ नका. शहाणपण सुचलं होतं असं नाही. एवढंच वाटलं की आत्ता परत गेले तर आयुष्यभर कमरेपर्यंत त्या चिखलातच राहीन. उरलेल्या दोन महिन्यांत मी आणखी दोनदा घोडामाराला गेले. दोन्ही वेळा बोटीत मला घाम फुटला. धीट झाले असं म्हणणार नाही. घाबरत घाबरत जाता येतं, एवढं कळलं.

पदवी झाल्यावर कोलकात्याच्या न्यू टाउनमध्ये नकाशे करणाऱ्या एका कंपनीत नोकरी मिळाली आणि मी परत आले. त्याला आता तीन वर्षं होतील. इरा कॉलेजात आहे आणि अजूनही "मी गेला"च म्हणते. कल्पनादीचं चौथं घर मागच्या वर्षी गेलं. ती आता सागर बेटावर राहते, भावाच्या जागेत. नव्या घराची जमीन सारवून झाल्यावर तिने मला बोलावलं. मी गेले. ओल्या जमिनीवर पाय उमटू नयेत म्हणून आम्ही दोघी उंबऱ्याबाहेरच जेवलो.

सांगलीला गेले की लोक विचारतात, तिकडे रुळलीस का. हो म्हणते. पण मला ते इतर दिवसांत फारसं जाणवत नाही, पावसाळ्यात जाणवतं. सकाळी उठल्यावर मी आधी मोबाइलवर आयर्विन पुलाची पाणीपातळी बघते, मग हुगळीच्या मुखाकडच्या भरतीची वेळ आणि उंची. एक आकडा चढलेला असला की आईला फोन लावते, दुसरा चढलेला असला की कल्पनादीला. दोन्हीकडे रिंग वाजत राहते. कुणी उचलेपर्यंत मी बसत नाही, खिडकीशी उभी असते.