हवेत बोललेला नवस

आमच्या घरात नवस बायको बोलते आणि फेडतो मी. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, वाटणीत बदल नाही. शेतातल्या बोअरला पाणी लागावं म्हणून ती बोलली, तेव्हा माझी मिशी गेली. मुलीला नोकरी लागावी म्हणून बोलली, तेव्हा वडनेरहून शेगावपर्यंत पायी मी गेलो आणि ती एसटीनं पुढे जाऊन डबा घेऊन माझी वाट पाहत बसली. वर पुन्हा नियम असा, की नवस फिटेपर्यंत तो कोणाला सांगायचा नाही. सांगितला तर वाया जातो. म्हणजे आपल्याला काय फेडायचं आहे, हे फेडणाऱ्याला अगदी शेवटच्या घडीला कळतं.

हे आधी सांगितलं नाही तर विमानात मी नेमका कशाला भ्यालो ते समजायचं नाही.

मुलगी बंगळूरला नोकरीला. तिचं बाळंतपण तिथंच करायचं ठरलं, म्हणून आम्ही दोघं नागपूरहून विमानानं निघालो. दोघांचीही पहिलीच वेळ. माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. पिशवीची शिवण, टॅग, लॉट नंबर उलटसुलट पाहिल्याशिवाय मी सख्ख्या भावाकडूनही माल उतरवून घेत नाही. बोगस बियाण्यानं एकदा तोंड पोळलेलं, तेव्हापासून संशय हा माझा स्वभाव झाला. त्यामुळे विमानात बसल्या बसल्या मी समोरच्या सीटचे स्क्रू तपासले. एक ढिला होता. दार लावणाऱ्या बाईंनी दार लावून पुन्हा एकदा दाबून पाहिलं. पुन्हा का पाहिलं? एसटीत बसताना ड्रायव्हरचं तोंड दिसतं. डोळे तांबारलेले असले तर माणूस पुढच्या गाडीनं जातो. इथं ड्रायव्हर आत कडी लावून बसलेला.

"मान वाकडी करून काय पाहून राह्यले?" बायको म्हणाली.

"पंख हलून राह्यला."

माझ्या पलीकडे बसलेले एक शिकलेसवरलेले गृहस्थ हसून म्हणाले, "काका, पंख हलायलाच पाहिजे. हलला नाही तर मोडेल."

मला हे पटलं नाही. आमच्याकडे जे हलतं ते आवळतात.

अर्धा-पाऊण तास बरा गेला. चहाची गाडी आमच्या रांगेपर्यंत आली आणि तिथूनच मागं वळली. वाटणारी मुलगी हसतच होती, पण कप मात्र भराभर गोळा करत होती. मग पट्टे बांधायची घोषणा झाली. इंग्रजीत तो माणूस बराच वेळ बोलला, हिंदीत दोन वाक्यांत उरकलं. मधलं कुठं गेलं? मी शेजारच्या गृहस्थांना विचारणार, तेवढ्यात त्यांनी पुस्तक मिटून खिशात घातलं.

पहिला हादरा साधा होता, खड्ड्यातून ट्रॅक्टर गेल्यासारखा. दुसऱ्याला डोक्यावरचं एक झाकण उघडून कोणाची तरी पिशवी खाली आली. तिसऱ्याला काय झालं ते अजून नीट सांगता येत नाही. विहिरीत उतरताना दोर सुटावा तसं सगळं एकदम खाली गेलं आणि माझं पोट वरच राहिलं. मागून एक लांब किंकाळी आली. दिवे दोनदा लुकलुकले. चहावाली मुलगी समोरच्या घडीच्या खुर्चीवर बसून खांद्यावरून दोन पट्टे आवळत होती, आणि आता ती हसत नव्हती. माझ्या दृष्टीनं निकाल तिथंच लागला. मी शेजारच्या गृहस्थांचा हात धरला. त्यांनी तो सोडवला नाही, म्हणजे तेही कामातून गेलेले.

तेवढ्यात माझं लक्ष बायकोकडे गेलं. ती खिडकीशी डोळे मिटून बसली होती, हात जोडलेले, आणि ओठ हलत होते.

मी ते ओठ ओळखतो.

खोटं कशाला सांगू, विमान पडतंय हे मी दोन मिनिटं विसरलो. मेलो तर प्रश्नच मिटला; पण वाचलो तर? एवढ्या उंचीवर, एवढ्या घाबऱ्या अवस्थेत ही बाई देवाला माझ्या नावानं काय काय कबूल करत असेल?

"अवं, थोडक्यात बोलजो!" मी ओरडलो. तिनं डोळे उघडले नाहीत. ओठ हलतच राहिले. चांगला लांबलचक नवस होता तो.

विमान उतरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर जावई गाडी घेऊन उभे होते आणि मुलगी तेवढ्या मोठ्या पोटानं धावत येऊ पाहत होती. मी चारचौघांत, मोठ्यानं सांगितलं, "आता मेलो तरी विमानात बसणार नाही." बायको नुसतं "हं" म्हणाली.

त्या रात्री मी तिला विचारलं, "काय बोलली?"

"फिटल्यावर सांगीन."

"माझ्या नावानं बोलली का?"

"झोपा आता."

चार दिवसांनी मी एकटा रेल्वेनं परतलो. बायको तिथंच राहिली. घरी आलो आणि माझी खरी परीक्षा सुरू झाली. नवस पोरीच्या बाळंतपणात बोललेला. आमच्याकडे न फिटलेल्या नवसाबद्दल तोंडावर कोणी काही म्हणत नाही, पण लेकराला साधा ताप आला तरी सगळे एकमेकांकडे पाहतात. तेव्हा काय बोललं गेलंय हे माहीत नसताना मी अंदाजानं एकेक सोडायला लागलो. आधी तंबाखू सोडली. मग अंडी. वांग्याचं भरीतही सोडून पाहिलं, पण ते दोनच दिवस टिकलं. शेगावला पुन्हा पायी जावं लागलं तर सवय असावी म्हणून पहाटे अनवाणी रोडनं चालायला लागलो. दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "काऊन बे, कशाचं पाप फेडून राह्यला?"

रोज संध्याकाळी फोन लावून तपास.

"मिशी काढाची हाय का?"

"मिशीचा काई संबंध नाई."

"मंग तंबाखू?"

"ते तुमी तुमचं सोडा. देवाले काऊन मधात घालता?"

"पायी जाचं हाय?"

"पायानं नाई."

म्हणजे लोटांगण. मी त्या रात्री जेवलो नाही.

मुलगी सुखरूप बाळंत झाली. नात झाली. व्हिडिओ कॉलवर एक लालभडक, मिटल्या डोळ्यांचं गाठोडं दिसलं आणि मी दुकानात गिऱ्हाइकासमोरच रडलो. फोनवर बायको म्हणाली, "बारशाले विमानानं या."

"रेल्वेचं रिझर्वेशन भेटून राह्यलं ना."

"विमानानंच या."

"काऊन?"

"विचारू नका. पोरीसाठी या."

हे शेवटचं ती इतक्या हळू बोलली की माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हाच नवस! अंडी आणि तंबाखू उगाच गेली. रेल्वेनं गेलो असतो आणि उद्या त्या गाठोड्याला काही झालं असतं तर? माझा देवावर विश्वास किती, हा प्रश्न मी त्या वेळी बाजूला ठेवला. तिकीट काढलं.

दुसऱ्या वेळीही विमान हललंच. उतरताना ढगात शिरल्यावर चांगलं गदागदा हललं. या वेळी शेजारी कोणाचा हात धरावा असं कोणी नव्हतं. एक बाई होत्या, त्या झोपलेल्या. मी खुर्चीचा दांडा धरला आणि जावयाच्या घराचा पत्ता मनातल्या मनात पाठ म्हणत राहिलो, पिनकोडसकट. नवस बोललो नाही. आमच्या घरात एकानं बोललेलं पुरे आहे.

दारात बायकोनं माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि मोठा श्वास सोडला. "फिटला," ती म्हणाली.

"आता तरी सांग."

"पोरगी सुखरूप मोकळी झाली तं तुमी पुन्हा विमानात बसान, असं बोलली होती. नाईतर नातीसाठी कुठं येता तुमी! एक डाव रेल्वेनं आले असते, मंग दुकान, मंग पेरनी. मले माहीत नाई का?"

मला तिचं पटलं. पण स्वभाव तो स्वभाव. "विमान खाली पडून राह्यलं होतं, अन् तू पुढच्या तिकिटाचं बोलून राह्यली होती?"

"मंग? तुमीच नाई का साऱ्यायसमोर म्हनलं, मेलो तरी बसनार नाई म्हनून? तवाच बोलली."

मी जागच्या जागी थांबलो. मी ते म्हणालो विमान उतरल्यावर, बाहेर, जावयाच्या गाडीजवळ. ओठ हलले ते त्याच्या आधी, वर. म्हणजे हा नवस तो नव्हेच. मग हवेत जो एवढा लांबलचक बोलला गेला, तो कोणता? आणि तो फिटला, की अजून माझ्या डोक्यावर आहे?

"अवं, खरं सांग," मी म्हणालो, "वरती काय बोलली होती तू?"

तिनं नात माझ्या हातात दिली. "मान धरा," ती म्हणाली, "अगोदर तिची मान धरा."