रविवारची भाड्याची सायकल

गिरगावच्या एका खोलीतून आम्ही भाईंदर पूर्वेला राहायला आलो, तेव्हा ह्यांनी सगळ्या नातेवाइकांना तोंडभरून सांगितलं, "या एकदा, आमच्याकडची हवा बघा!" आपल्याकडे असं म्हणायचं असतं, लगेच यायचं नसतं. पण लोक आले. दर रविवारी आले. घरात फोन नव्हता, त्यामुळे कळवून येण्याचा प्रश्नच नव्हता. आठवडाभर ऑफिस करून रविवारी मी पाहुण्यांसाठी मासे तळायची आणि मनातल्या मनात ह्यांना.

मला मात्र सायकल शिकायची होती. पस्तिशीतल्या बाईने असं काही म्हटलं की लोक हसण्यावारी नेतात, तसंच ह्यांनी नेलं. चाळीत माझे भाऊ सायकल शिकले तेव्हा मला दळणाला पाठवलं होतं. इथे गोडदेवकडे जाणारा रस्ता रविवारी सकाळी इतका मोकळा असायचा की बघून जीव तुटायचा. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तासभर ना? मग जा की. पाहुणे काही अकराच्या आत येत नाहीत."

सायकलवाला म्हणाला, "भाभी, लेडीज नहीं है. जेन्ट्स चलेगी?" चलेगी म्हटलं. पंजाबी ड्रेस घातला, ओढणी कमरेला खोचली, ह्यांनी कुरकुरत का होईना मागून कॅरिअर धरलं, आणि काही रविवारांत मी एकटी चालवायला लागले. फक्त उतरता येईना. तो मधला दांडा आडवा यायचा. पण तेव्हा भाईंदरमध्ये जिथेतिथे बिल्डिंगा उठत होत्या. वाळूचा ढीग दिसला की मी ब्रेक दाबून त्यात कलंडायची.

एका रविवारी हे मासे आणायला गेले होते आणि मी एकटीच रस्त्यावर होते. समोरून मामा-मामी, म्हणजे सासूबाईंचे भाऊ-भावजय, हातात पिशव्या घेऊन येताना दिसले. सकाळी सकाळीच! मला अक्षरशः रडू आलं. आठवड्यातला तेवढा एक तास माझा होता, तोही गेला. आता उतरायचं, पिशव्या घ्यायच्या आणि ओट्यापाशी उभं राहायचं. मी वाळू शोधायला लागले, तर नेमका तिथे एकही ढीग नाही. मामी रस्त्यातच थबकून माझा ड्रेस बघत होत्या.

"या, या! आई आहेत घरी!" असं ओरडत मी त्यांच्या शेजारून सरळ पुढे गेले.

पुढच्या वळणावर वाळू होती. त्यापुढेही होती. मी थांबले नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

घरी येईपर्यंत मात्र तो उतरला. दार उघडंच होतं. मामा वाटाणे सोलत होते, मामी विळीवर कांदा चिरत होत्या. मी धावत त्यांना उठवायला गेले. म्हटलं, "मामी, सॉरी हं, थांबायचं होतं हो मला. पण अजून उतरताच येत नाही." मामी हसत सुटल्या आणि विळीवरून काही उठल्या नाहीत.

सासूबाई हसल्या नाहीत. गिरगावच्या खोलीत त्यांचे सगळे रविवार चुलीपाशी गेले होते. त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाल्या, "उतरायला एवढ्यात शिकू नकोस."