कॉर्नेटवरचा कुंकवाचा डाग

जुन्या पितळी वाद्याला पॉलिश करायचं नसतं, ही एकच गोष्ट मी आयुष्यात नीट शिकलो. शाळा चौथीपर्यंतच. वडील लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. ट्रम्पेटपेक्षा आखूड, बोटांनी दाबायच्या तीन पिस्टनचं. त्यांच्याकडेच मी वाजवायला शिकलो, आणि इंग्लंडात येऊन पावाच्या फॅक्टरीत राबलो. रविवारी मैदानात लोक गाडीच्या डिकीतून घरातलं जुनं सामान विकतात, तिथून अशी वाद्यं जमवत गेलो. चौदा झाली. पोचे असू देत, काळी पडलेली असू देत, मिळालं तसंच ठेवायचं. घासलं की नक्षी झिजते, बनवणाऱ्याचं कोरलेलं नाव जातं. मग ते धड जुनंही राहत नाही आणि नवंही होत नाही.

बायकोला हे कधी पटलं नाही. दर दसऱ्याला ती माझं पहिलं कॉर्नेट चिंच-मिठाने घासायची, समईसारखं लख्ख करायची आणि भोंग्यावर कुंकवाचं बोट टेकवायची. आमच्या घरी वाद्यांची पूजा व्हायची तशीच.

"अगं, त्याची ओरिजिनल कंडिशन गेली," मी म्हणायचो.

"तुमची तरी कुठे राहिलीय?"

दोन वर्षांपूर्वी दसऱ्यानंतर मी फार वाईट बोललो. वाद्यं जमवणारे दोन गोरे घरी आले होते, ते चकचकीत कॉर्नेट बघून हसले. तो राग तिच्यावर निघाला. तुला भांडं आणि बाजा यातला फरक कळत नाही, पुन्हा हात लावू नकोस, असं म्हणालो. गेल्या दसऱ्याला तिने हात लावला नाही. समई घासली, निरांजन घासलं. कॉर्नेट शेजारीच होतं. मीही ते उचलून तिच्यापुढे ठेवलं नाही. फाल्गुनात ती गेली.

आता दसरा आठ दिवसांवर आलाय. कॉर्नेट काळं पडलंय, अगदी त्या गोऱ्यांना आवडेल असं, आणि मला त्याच्याकडे बघवत नाही. जेवायला बसलो की उठतो. टीव्ही लावतो, बंद करतो. ग्लासगोहून मुलीचा फोन आला.

"बाबा, रिपेअरवाल्याकडून नवीन करून घ्या ना. आईला चकाचकच आवडायचं."

म्हणून काल वेम्बलीच्या घरून रीडिंग गावाला गेलो. तिथे पितळी वाद्यं दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, माझ्याच वयाचा. त्याने चष्मा वर सरकवून भोंगा उजेडात धरला आणि एका लाल डागावर नख ठेवलं.

"पितळ सडायला लागलंय इथे. आतून पोखरतं हे. बफिंगच्या चाकावर घासून घेऊ, वरून लॅकरचा चकचकीत थर मारू. फॅक्टरीतून आल्यासारखं दिसेल."

"सडलेलं नाही. कुंकू आहे."

"म्हणजे काय?"

"आमच्याकडे वाद्याची पूजा करतात, तेव्हा लावतात. माझ्या बायकोचं बोट आहे ते."

त्याने डागावरचं नख बाजूला घेतलं. म्हणाला, "चाकाला ते कळत नाही. फिरलं की सगळंच जाणार. चमक हवी की डाग, एक सांगा. बसा, चहा घ्या, विचार करा."

बसायला जमलं असतं तर मी रीडिंगला कशाला गेलो असतो? कॉर्नेट फडक्यात गुंडाळलं आणि निघालो. परतीच्या ट्रेनमध्ये तीनदा जागा बदलली. ईलिंग रोडवर ती जिथून चिंच घ्यायची, त्याच दुकानातून पाकीट घेतलं.

दुपारी सिंकमध्ये कॉर्नेट घासायला घेतलं. चिंच किती भिजवायची, मीठ आधी की नंतर, काही ठाऊक नाही. इतकी वर्षं मी नुसता ओरडायलाच उभा होतो. नळ्यांच्या मागे हात पोचेना. ती कसा पोचवायची कोण जाणे. कोरलेलं नाव आणखी पुसट झालं, मला दिसत होतं, तरी घासत राहिलो. डागाजवळ आल्यावर काथ्या ठेवून दिला आणि बोटाने कडेकडेने घासलं. त्या डागाभोवती काळी कड तशीच राहिली. बाकी सगळं लख्ख.

त्या दोघा गोऱ्यांना आता हे कॉर्नेट कवडीचंही वाटणार नाही. ते समईशेजारी ठेवलंय. बाकीची तेरा काळीच आहेत, ती तशीच राहतील. दसऱ्याला कुंकू लावायचं की नाही, ते अजून ठरत नाही. जुन्या डागावर लावलं तर तिचं बोट झाकलं जाईल, बाजूला लावलं तर ते माझं दिसेल. आज सकाळपासून चार वेळा जाऊन बघून आलोय.