एक स्टॉप आधी

हिंगण्याहून कंपनीच्या बसने परतताना आज एका कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची किशोरांसाठीची कादंबरी वाचत होते. त्यातली मुलगी रोज एक स्टॉप आधी उतरते. आपली वस्ती मैत्रिणींना दिसू नये म्हणून.

मी पुस्तक मिटलं. मीही तेच करते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी निळा झेंडा आहे.

मी रोज उतरते तो चौक आला. ड्रायव्हरकाका म्हणाले, "काहून वं, उतरत नाही काय आज?"

"नाही काका. मले समोर उतरायचं आहे, त्या निळ्या झेंड्यापाशी."

उतरले. रोज खिडकीतून हात हलवणारी माझी बसमधली मैत्रीण आज मोबाईलमध्येच बघत राहिली.

पुस्तकातल्या त्या पोरीले हे सांगावंसं वाटलं. दुसरं कोणी सुचलंच नाही.

तुमच्यापैकी कोण कोण अजून एक स्टॉप आधी उतरतं?