वाटीतलं तेल

…तर ते चाक गजाननाने डावीकडे गरगरा फिरवलं, आणि बोटीच्या शेपटाकडचा दांडा तसूभर हलेल तर शपथ! काल इथवर आलो होतो आपण. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागे जातो.

गजानन झाशीतला हायड्रॉलिकचा मिस्त्री. पूर्वज मराठ्यांच्या फौजेबरोबर भाले घेऊन इकडे आले. "भाल्याचा पाना झाला, एवढीच आमची प्रगती," असं तो म्हणायचा. ट्रॅक्टरची लिफ्ट असो की जेसीबीचा हात, तेलाच्या जोरावर हलणारं सगळं त्याच्याकडे यायचं. समथरच्या एका पैलवानाने लिफ्ट उठेना म्हणून ट्रॅक्टरला लिंबू-मिरची बांधली होती. गजाननाने एक बोल्ट सैल करून आत अडकलेली हवा सोडली, लिफ्ट उठली. भूत निघालं म्हणून पैलवान ओरडला, "भूत कढ़ गओ!" गजानन म्हणाला, "हओ, फुस्स करके गओ!"

पण ही बोट निराळी होती. त्याचा थोरला भाऊ मार्तंड धरणावर हीच बोट चालवायचा. गेल्या कार्तिकात ती वळली नाही, खडकावर आदळली. बोटीतले सैलानी, सहलीला आलेले लोक, वाचले, मार्तंड गेला. चौकशीच्या कागदावर 'चालक की लापरवाही' असं आलं. मानिक चौकातल्या बाजारात लोक कुजबुजले, घेतली असेल थोडी. त्या दिवसापासून मार्तंडच्या बायकोने, शारदावहिनींनी, मानिक चौकाचं तोंड पाहिलं नाही. भाजीसुद्धा दारावरच घ्यायच्या.

आठ महिने ताडपत्रीखाली पडलेली ती बोट मालक अशोकने ट्रॉलीवर घालून गजाननच्या अंगणात आणली. "भैया, आपके सिवा किसके बस का है?"

आता असं असतं बघा, चाक फिरवलं की त्यामागचा छोटा पंप नळीतून तेल ढकलतो, ते तेल मागचा दांडा ढकलतं, मग बोट वळते. गजाननला वाटलं, हवा धरली असेल. त्याने वाटी लावून बोल्ट सैल केला. बुडबुडा एक नाही. मागचा सिलेंडर उघडला, तर रबराचं सील भिजलेल्या साबुदाण्यासारखं फुगलेलं. दाबलं तर नख रुतलं. मग त्याने वाटीतलं तेल नाकाशी नेलं. वास हायड्रॉलिकच्या तेलाचा नव्हता.

दुसऱ्या वाटीत पाणी घेऊन त्याने एक थेंब सोडला. हायड्रॉलिकचं तेल पाण्यावर तवंग धरतं. हा थेंब पाण्यात विरून गेला. ब्रेकचं तेल. यात ते घातलं की रबर कुजणारच.

आणि त्याला फोन आठवला. तो जेसीबीखाली उताणा पडला होता, मोबाइल छातीवर. "गजा, सुकाणूचं तेल उतरलंय रे. इथे ब्रेकचं तेवढं आहे. चालेल का?" मार्तंड विचारत होता. आणि हा घाईत म्हणाला होता, "टाक रे दादा, काही होत नाही." त्यानंतर पंधरवड्यात मार्तंड गेला.

अशोक सील निरखत म्हणाला, "माल ही घटिया था, भैया. मैं लिखवा देता हूँ. मार्तंड भैया का नाम साफ हो जाएगा, बस."

बस! किती सोपं होतं. भाऊ सुटत होता, गजाननही सुटत होता. तो सील फडक्यात गुंडाळू लागला.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. पेले खाली ठेवले, पण हात पदरात घेऊन उभ्याच राहिल्या.

"भावजी, एकच सांगा. यांनी चाक फिरवलं होतं ना?"

"फिरवलं होतं, वहिनी. बोटीनेच ऐकलं नाही."

वहिनींनी डोळे मिटले. आठ महिने छातीत कोंडलेला श्वास सुटला. अशोकने घाईने मान हलवली, "हाँ भाभीजी, सील खराब थी, बस!"

वहिनी जायला वळल्या आणि वाटीपाशी थबकल्या; अर्धवट गुंडाळलेलं फुगलेलं सील त्यांना दिसलं. मिस्त्र्यांच्या घरात बारा वर्षं काढलेली बाई ती.

"पण भावजी, सील तर यांनी त्याच पावसाळ्यात नवं घातलं होतं. ते असं कसं कुजलं?"

गजाननने फडकं उलगडलं, सील त्यांच्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "माझ्या शब्दाने कुजलं, वहिनी. दादाने विचारलं होतं, ब्रेकचं तेल टाकलं तर चालेल का. काही होत नाही म्हणणारा मीच."