डोळ्यातला धागा

पडेगावचे ते हिमरू शाली विणणारे चाचा आमच्या दवाखान्यात मान तिरपी करूनच यायचे. स्कूटरवरून पडल्यापासून त्यांचा डावा डोळा बाहेर वळत नव्हता, म्हणून सगळं दोन-दोन दिसायचं. मला म्हणायचे, "दोन्ही सिस्टरला सलाम."

ऑपरेशननंतर ते पूर्ण जागे झाल्यावर डॉक्टरांनी त्यांना उठवून बसवलं. डोळ्याच्या स्नायूला घातलेल्या टाक्याची गाठ मारायची बाकी होती. समोरचा दोन-दोन दिसणारा दिवा एक दिसेपर्यंत डॉक्टर धागा हळूहळू ओढत होते. मी शेजारी ट्रे धरून उभी होते. चाचा मागावर बसल्यासारखे निवांत.

"लई ताणला, डॉक्टरसाब. जरा ढील द्या. हां, आता बांधा."

डॉक्टरांनी गाठ मारली. चाचांनी मान सरळ केली आणि माझ्याकडं बघत राहिले.

"एकाच सिस्टरला सलाम."