चौसष्ट हजारांचा एक माणूस

वेगाची कुठलीही गोष्ट सांगा, तिची माणसं करून दाखवणारा अख्ख्या भिलाईत एकच गृहस्थ होता, आणि तो नेमका सेक्टर सहामध्ये आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. पोलाद कारखान्याच्या टेलिफोन खात्यातले हे काका मूळचे भंडाऱ्याकडचे. टेलिप्रिंटरवर नोकरीला लागले तेव्हा तारेतून सेकंदाला पन्नास बिट जायचे. पुढे नवी यंत्रं आली आणि एका माणसाचं बोलणं न्यायला सेकंदाला चौसष्ट हजार बिट लागतात, हे त्यांना कळलं. त्या दिवसापासून त्यांच्या लेखी चौसष्ट हजार म्हणजे एक माणूस. किलोबिट, मेगाबिट असले शब्द कानावर पडले की ते डोळे मिटायचे, ओठ हलवायचे आणि माणसांचा आकडा सांगून मोकळे व्हायचे. बाराशे ऐंशी टेलिप्रिंटर एकत्र केले की एक माणूस होतो, हे तर त्यांनी माझ्या लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्यालाही थांबवून ऐकवलं होतं.

कारखान्यात संगणकांचं नवं जाळं आलं तेव्हा साहेबलोक दहा मेगाबिट, दहा मेगाबिट करत हुरळून गेले. काकांनी डोळे मिटले. दीडशेच्या वर माणसं एका वेळी बोलतील एवढी वाट झाली, म्हणाले, आणि पहिल्या दिवशी तिच्यावरून गेलं काय, तर कँटीनचा मेनू. हे त्यांच्या जिव्हारी लागलं. एवढी जागा असून तिथे कोणी बोलत नाही, याचं त्यांना खरोखरच वाईट वाटायचं.

आमच्या घरच्यांनाही त्यांनी सोडलं नाही. माझा मेव्हणा तासाला एक वाक्य बोलतो, तो टेलिप्रिंटर. नंदिनी नगरहून येणाऱ्या माझ्या सासूबाई मात्र दोन मेगाबिट, म्हणजे एकदम तीस माणसं. त्या आल्याचं कळलं की काका वर्तमानपत्र परत करायला हजर, जे आम्ही त्यांना दिलेलंच नसायचं. मग दोन तास मधे एक शब्द न बोलता ऐकत बसायचे आणि पोटभर जेवल्यासारखे घरी जायचे. काकू गेल्यापासून त्यांच्या क्वार्टरमध्ये आवाज असा उरलाच नव्हता.

मुलगा बंगलोरला होता. रविवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा आणि काका दुपारीच दाढी करून, धुतलेला सदरा घालून फोनजवळ बसायचे. मग मुलानं इंटरनेट घेतलं आणि काकांच्या ऑफिसातल्या संगणकावर तो ई-मेल धाडू लागला. स्वस्त पडतं आणि क्षणात पोचतं, असं त्याचं म्हणणं. रविवारचा फोन बंद झाला. दर आठवड्याला खुशाली तर कळते ना, असं मी आपलं समजुतीनं म्हणालो. काकांनी डोळे मिटले.

"पाचशे अक्षरं पाठवते तो. म्हंजे चार हजार बिट. फोनवर मोजलं त एका सेकंदाचा सोळावा हिस्सा. तेवढ्यात 'बाबा'सुद्धा म्हनून होत नाही रे."

मग तुम्हीच का फोन लावत नाही, असं मी विचारलं. त्यांनी नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. तिकडे फोन उचलला गेला आणि एक कर्कश शिट्टी सुरू झाली. मुलगा कामाचे फॅक्स घ्यायला लाइन संगणकाला जोडून ठेवायचा, त्यामुळे कोणाचाही फोन आला तरी संगणकाचं मॉडेमच उचलायचं, ही शिट्टी त्याचीच. मी दचकून रिसीव्हर दूर केला. काकांनी तो घेतला आणि नातवाचे बोबडे बोल ऐकावेत तसे ऐकत राहिले.

"विचारून राहिलं ते," काका म्हणाले. "तुले किती वेग झेपते म्हनते. समोरचा जुना असला, हळू असला, त आपला वेग कमी करून घेते."

दर रविवारी लावता का, मी विचारलं. त्यांनी होकारार्थी मान हलवली. इकडून उत्तर आलं नाही की थोड्या वेळानं ते आपणच ठेवून देतं, म्हणाले. तेवढ्यात तिकडून ठेवलाच गेला. मला त्या मुलाचा राग आला, आणि मुलगा काही वाईट नव्हता म्हणून तो राग कुठे ठेवावा तेही कळेना. काका मात्र रिसीव्हर कानाला तसाच धरून होते.

"पन विचारते तरी," ते म्हणाले. "तेवढंही आता कोन विचारते?"